वरचा एक रुपया

शैलजा मगदूमच्या फोनवर त्या बुधवारी सकाळी दहा वाजून सोळा मिनिटांनी पहिले वीस हजार एक रुपये आले आणि दहा सदतीसला तेविसावे आले. मधल्या वेळात तिनं तव्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. पोळ्या करपल्या, लाटणाऱ्या बायका ओरडल्या, गिऱ्हाइकं ताटकळली, पण बाई फोन हातात धरून प्रत्येक खणखणाटाला एकेक नाव मोठ्यानं घेत होती. ‘सुलभाचे आले! प्राचीचे आले! अनुसयाक्काचे आले गं बाई!’

जयसिंगपूरच्या एसटी स्टँडमागं तिचं पोळी-भाजी केंद्र. नवरा गेल्यावर दोन शेगड्या घेऊन ज्या गाळ्यात ती भाड्यानं शिरली, त्याच गाळ्यात आज एकोणीस वर्षं झाली. दर तीन वर्षांनी भाडं वाढायचं आणि दर वेळी ‘खाली करा’ ही धमकी ऐकायला लागायची. शेवटी मालक चंपालालशेठ गाळा विकायला निघाले. शैलजानं होतं नव्हतं ते गोळा करून त्यांना दिलं. राहिले चार लाख साठ हजार. सोळा तारखेला अकरा वाजता खरेदीखत. त्या दिवशी पैसे दिले नाहीत तर इसार बुडाला आणि गाळा पलीकडच्या मोबाईलवाल्याचा, असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

हे चार लाख साठ हजार भिशीचे यायचे होते. चोवीस जणींची भिशी, दरमहा प्रत्येकीचे वीस हजार, आणि ज्या महिन्यात जिचा नंबर तिला सगळ्यांचे एकदम. या महिन्याचा नंबर खरा अनुसयाक्काचा, म्हणजे अनुसया कोष्टीचा. ब्लाऊज शिवून पोट भरणारी चौसष्ट वर्षांची एकटी बाई. तिनं तो आपणहून शैलजाला दिला. ‘मला कुठं राजवाडा बांधायचाय? तू गाळा घे. माझं पुढच्या वर्षी बघू.’ वर आपले पुढचे हप्ते चुकू नयेत म्हणून तिनं दोन सोन्याच्या पाटल्या मोडल्या. शैलजा त्या दिवशी तिच्या गळ्यात पडून रडली होती.

आता सगळ्यांनी एकाच अर्ध्या तासात पैसे का पाठवले? तर तो शैलजाचा हुकूम. पंचांग बघून तिनंच ग्रुपवर लिहिलं होतं : ‘बुधवारी सव्वादहा ते पावणेअकरा मुहूर्त चांगला आहे. सगळ्यांनी त्याच वेळेत टाका. आणि वीस हजारांवर एक रुपया घाला. गाळ्याचे पैसे आहेत, शून्यावर संपायला नकोत.’ आपल्याकडं शुभकार्याला कुणी कोरे पाचशे देत नाही, पाचशे एक देतात. यात वावगं ते काय? तेवीस जणींनी मान डोलावली आणि तेवीस जणींनी बरोबर वेळेत वीस हजार एक टाकले. प्राची पार्लरवाली दोनच महिन्यांपूर्वी भिशीत आलेली, तिनंसुद्धा गिऱ्हाईक खुर्चीत बसवून ठेवून टाकले.

दहा एकेचाळीसला शैलजाच्या फोनचा पडदा लाल झाला. ‘आपले खाते विलगीकरणात आहे.’

आधी तिला वाटलं, फोन बिघडला. मग सुलभाचा फोन आला, मग प्राचीचा, मग आणखी चौघींचा. सगळ्यांचेच पडदे लाल झाले होते.

ही भानगड काय ती इथंच सांगून टाकलेली बरी. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन चोऱ्यांनी कहर केला होता. एखाद्या म्हाताऱ्याची पुंजी उडवली की चोर ती पाव तासात शंभर खात्यांतून फिरवायचे, आणि पोलीस पोचेपर्यंत प्रत्येक खातं धुऊन निघालेलं. तेव्हा साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या एका गणितज्ञ बाईंच्या लक्षात आलं की चोरीचा पैसा तापासारखा पसरतो. एक रोगी किती जणांना लागण देतो आणि किती वेगानं, यावरून साथीचा अंदाज बांधतात. तेच समीकरण खात्यांना लावता येतं. मग चोराच्या मागं धावायचं कशाला? साथीत करतो तेच करायचं. लागण दिसली की रोगी अलग ठेवायचा, आणि त्याच्या संपर्कात आलेले सगळेही.

त्यातून ‘राखण’ नावाची यंत्रणा निघाली. ती देशातला प्रत्येक व्यवहार पाहायची आणि प्रत्येक खात्याला लागणीचा आकडा द्यायची. पुष्कळ ठिकाणांहून एका खात्यात पैसा आला की आकडा चढे. थोड्या वेळात आला की आणखी चढे. आणि सगळ्यांची रक्कम सारखी पण विचित्र असली की आकडा आभाळाला भिडे, कारण आपला पैसा आपल्या माणसाला ओळखू यावा म्हणून चोर रकमेवर अशीच खूण ठेवायचे. चोऱ्या दहाव्या हिश्शावर आल्या. लोक खूष होते. कागदी नोटा तर बंद होऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळं राखणीच्या नजरेतून दमडी सुटत नव्हती. तिनं कोट्यवधी व्यवहार वाचले होते, पण पंचांग काही तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शैलजा तशीच पिठाच्या हातांनी बँकेत गेली. शाखाधिकारी निनाद कुरुंदवाडे हा तिशीतला, बिनलग्नाचा, रोज दुपारी तिच्याकडचाच डबा खाणारा.

‘काकू, तुम्ही कोण हे मला सांगायला नको,’ तो म्हणाला. ‘पण माझ्याकडं खातं उघडायचं बटणच नाही. पूर्वी होतं. वरून फोन आला की अधिकारी चोरांची खाती उघडून द्यायचे, म्हणून कायद्यानं ते काढून घेतलं. आता राखणच उघडते.’

‘मग तिला सांग की, भिशी आहे म्हणून!’

‘चोरही तेच सांगतात, काकू.’

‘किती दिवस?’

‘चाळीस. त्यात कुणी तुम्हाला पैसे पाठवायचा प्रयत्न केला, तर पाठवणाऱ्याचं खातंही संपर्कात जातं आणि तुमचे चाळीस दिवस पहिल्यापासून सुरू.’

‘अरे, सोळा तारखेला माझी खरेदी आहे! आज चार तारीख. बारा दिवस राहिलेत माझे!’

निनादनं केबिनचं दार लोटलं. मग कुणी ऐकत नाही ना असं बघून म्हणाला, ‘एक वाट आहे. मूळ सापडलं तर बाकीचे त्याच दिवशी मोकळे होतात. साथीत पहिला रोगी शोधतात ना, तसं. तुम्हा चोवीस जणींपैकी कुणीही राखणीला सांगू शकतं की अमकीचा पैसा मला संशयास्पद वाटतो. नाव गुप्त राहतं. दोन वेगवेगळ्या खातेदारांची साक्ष एकाच नावावर जुळली, की ते मूळ पक्कं झालं.’

‘आणि त्या मूळ बाईचं काय होतं?’

‘सात वर्षं बंद. रेशन, दूध, औषध एवढं राखण परस्पर भरते. बाकी ना कुणाकडून घेता येत, ना कुणाला देता येत.’

‘शिव्या द्याव्यात असा कायदा आहे तुमचा,’ शैलजा म्हणाली आणि उठली.

पहिल्या दोन दिवसांत तिला कळलं की खातं बंद होणं म्हणजे काय. गाळ्यासमोरच्या पैसे घ्यायच्या पाटीवर लाल पट्टा आला. नेहमीची गिऱ्हाइकं यायची, पाटी बघायची आणि तिथूनच म्हणायची, ‘काकू, तुम्हाला पैसे पाठवले की आमचंही बंद पडतं म्हणे.’ गिरणीवाल्याला तिनं पीठ उधार मागितलं. उधारीला त्यानं कधीच नाही म्हटलं नव्हतं. पण आता तो काउंटरच्या मागं सरकला आणि हात जोडून म्हणाला, ‘ताई, वहीत तुमचं नाव घालायलासुद्धा भीती वाटते.’ गॅस सिलिंडर मिळेना. लाटणाऱ्या दोघींचा पगार देता येईना, त्या तिसऱ्या दिवशी यायच्या थांबल्या. भर बाजारात ती उभी असायची आणि तिच्याभोवती दोन हात जागा मोकळी राहायची. चोरी केली असती तरी लोकांनी एवढं अंतर ठेवलं नसतं. अपमानानं तिचे कान गरम व्हायचे.

येत होती ती एकटी अनुसयाक्का. तिचंही खातं बंदच होतं. एका जुन्या गिऱ्हाइकाचा ब्लाऊज शिवून तिनं मजुरीऐवजी तांदूळ घेतले होते, त्यातले अर्धे घेऊन ती गाळ्यात आली.

‘असं तोंड पाडून बसू नको,’ ती म्हणाली. ‘तांदळाला काय कळतंय तुझं खातं बंद हाय ते? टाक शिजायला.’

दोघींनी मिठाबरोबर भात खाल्ला. शैलजा हसली, चार दिवसांत पहिल्यांदा.

आठ तारखेला राखणीनं चोवीस जणींच्या फोनवर यादी पाठवली. प्रत्येक नावापुढं संशयाचा आकडा होता. कुणाचा दोन, कुणाचा तीन. प्राचीचा चौदा, कारण ती नवी. आणि सगळ्यांत वर अनुसया कोष्टी, एकसष्ट. रोज आठशे-हजार रुपये जमा होणाऱ्या खात्यात सराफाकडून एकदम साडेतीन लाख आले होते, आणि आठवडा व्हायच्या आत त्यातले वीस हजार एक शैलजाकडं गेले होते. राखणीच्या हिशेबानं याहून चोख मूळ सापडणं कठीण होतं. वर लिहिलं होतं, ‘आपणास काही माहीत असल्यास कळवा. आपले नाव गुप्त राहील.’

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलभा चौगुले दहा-बारा जणींना घेऊन गाळ्यात आली. अनुसयाक्काला मुद्दाम बोलावलेलं नव्हतं. सुलभाच्या मुलीची कॉलेजची फी अडकली होती, एकीच्या सासऱ्याचं ऑपरेशन खोळंबलं होतं, प्राचीच्या पार्लरची वीज तोडायची नोटीस आली होती.

‘शैलाताई, मुहूर्त तुझा, वरचा रुपया तुझा, गाळा तुझा,’ सुलभा म्हणाली. ‘आणि भोगतोय आम्ही. तो आकडा बघितलास ना? मग कुणीतरी ते नाव सांगून टाका आणि सुटूया सगळ्या.’

‘तोंड सांभाळ!’ शैलजा कडाडली. ‘पाटल्या मोडल्यात तिनं. स्वतःचा नंबर दिलाय मला.’

‘मला काय माहीत नाही? पण तिच्यामागं आहे कोण? ना पोर ना बाळ. रेशन मिळणार, दूध मिळणार. आमच्यामागं घरं आहेत.’

‘शिवण बंद पडेल तिचं. जगायचं कसं तिनं सात वर्षं?’

‘मग दुसरं नाव सांग. माझं सांग! सांगतेस?’

 प्राची नखं बघत उभी राहिली. हे व्हावं असं प्रत्येकीला वाटत होतं आणि आपल्या हातानं व्हावं असं एकीलाही वाटत नव्हतं. जाताना सुलभा उंबऱ्यात थांबून म्हणाली, ‘माझ्या बोटानं व्हायचं नाही ते. मी देवाला भिते. पण तू विचार कर.’

शैलजानं पंधरा तारखेपर्यंत फोन उपडा ठेवला. निनादकडं तीनदा गेली. मोठ्या कार्यालयात तक्रार पाठवली, तिला राखणीनंच गोड आवाजात उत्तर दिलं. चंपालालशेठना म्हणाली, महिनाभर थांबा. शेठ वाईट माणूस नव्हता. ‘बाई, मी थांबलो असतो,’ तो म्हणाला. ‘पण विलगीकरणातल्या माणसाबरोबर करार लांबवला तर माझ्या खात्याला आकडा लागतो. सोळाला अकरा वाजता या. नाहीतर मोबाईलवाला साडेअकराला येतोय.’

म्हणजे तिकडूनही कडी लागली होती.

पंधरा तारखेला दिवेलागणीला ती गाळ्यात एकटी बसली. शेगड्या थंड होत्या. उद्या या वेळेला आपण इथं नसू, तिला वाटलं. एकोणपन्नास वर्षांची बाई, पुन्हा दोन शेगड्या उचलून कुणाच्या दारात उभी राहणार? भाड्यानं देणार तरी कोण लाल पट्टा लागलेल्या बाईला? ती रडली. मग तिला राग आला, राखणीचा, निनादचा, सुलभाचा. आणि खरं सांगायचं तर शेवटी अनुसयाक्काचाही. कशाला मोडल्या हिनं पाटल्या? मी म्हटलं होतं का? एक हप्ता चुकला असता तर आभाळ कोसळणार होतं का?

तिनं फोन सुलटा केला.

‘नमस्कार, शैलजाताई,’ राखण म्हणाली. बाईचाच आवाज होता, मायाळू. ‘आपल्याला काही सांगायचं आहे का?’

‘एक विचारू? एका साक्षीनं काही होत नाही ना?’

‘नाही. दोन साक्षी जुळाव्या लागतात. एकाच साक्षीवर कोणतीही कारवाई होत नाही.’

‘दुसरी कुणी दिली आहे का?’

‘ते मला सांगता येत नाही.’

शैलजा विचार करत बसली. एकटीच्या सांगण्यानं होतंय काय? सुलभा देवाला भिते. बाकीच्या तिच्याहून भित्र्या. दुसरी साक्ष यायचीच नाही. म्हणजे मी नाव घेतलं काय आणि नाही घेतलं काय, अक्काच्या केसाला धक्का लागत नाही. पण उद्या गाळा गेल्यावर मला निदान एवढं तरी वाटेल की मी हातपाय मारले. असं तिनं स्वतःला अगदी नीट समजावलं. तिनं यादीतलं सगळ्यांत वरचं नाव दाबलं.

‘आभारी आहे,’ राखण म्हणाली.

पडदा हिरवा झाला.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. झाला, आणि असा झाला की ती उडीच मारून उठली. चार लाख साठ हजार तेवीस रुपये डोळ्यांसमोर लखलखीत उभे होते. दारावरच्या पाटीचा लाल पट्टा गेला. फोन वाजायला लागला, ग्रुपवर फुलं, हात जोडलेले, नाचणारी चित्रं. ‘मोकळ्या झालो!’ असं सुलभानं सात वेळा लिहिलं होतं. मग शैलजानं खालची ओळ वाचली : ‘दोन साक्षी जुळल्याने मूळ निश्चित झाले आहे.’ 

त्या वेळी उठून अक्काच्या घरी जायला हवं होतं. दोन गल्ल्या ओलांडल्या की घर. ती गेली नाही. उद्या जाऊ म्हणाली. सकाळी अकरा वाजता दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिनं सह्या केल्या, अंगठे दिले, कॅमेऱ्याकडं बघितलं. पैसे एका क्षणात गेले आणि शेठनं किल्ली हातावर ठेवली. ‘मालकीणबाई,’ तो म्हणाला. तिला हसताच येईना.

दुपारी तिनं तवा तापवला. तासाभरात पाच गिऱ्हाइकं येऊन गेली, सगळ्यांनी पैसे पाठवले आणि सगळे तिच्याशी छान बोलले. एकच्या सुमारास अनुसयाक्का आली. हातात नारळ होता.

‘फोड म्हटलं उंबऱ्यावर,’ ती म्हणाली. ‘पैशानं आणला न्हाई, घाबरू नको. शेजारणीच्या झाडाचा हाय.’

शैलजानं हात पुसले. तिनं नारळ फोडला, पाणी उंबऱ्यावर शिंपडलं, ताट मांडलं. अक्का पाटावर बसली.

‘शैला, एक सांगते. रागवायचं न्हाई. ते मूळ का काय, ते मीच सांगितलं मशीनला. माझंच नाव.’

‘काय?’

‘तेरा तारखेला सांगितलं. म्हटलं, मी चौसष्ट वर्षांची, मला किती लागतंय? तुझा गाळा तरी होईल. तर म्हणतंय, एक साक्ष पुरत न्हाई. मग गप बसले. तुला कळू दिलं न्हाई, तू मला करू दिलं नसतंस.’

शैलजानं शेगडी बारीक केली. आपण काल ते नाव दाबलं नसतं, तर या बाईचं नुसतं बोलणंच राहिलं असतं. चाळीस दिवसांनी ती सुटली असती. सगळ्याच सुटल्या असत्या. गाळा तेवढा गेला असता.

‘अक्का...’

‘ऐक तर. दोन दिवस वाट बघितली. काल संध्याकाळी कुणीतरी दुसरी साक्ष दिली बघ.’ अक्कानं पोळीचा घास मोडला, पण तोंडात घातला नाही. ‘माझं कामच केलं म्हणा तिनं. पण मी माझ्या हातानं सांगणं वेगळं. तिच्या मनात माझं वाईट आलंच की. बावीस वर्षांत कुणाचा एक टाका जास्त धरून पैसे घेतले न्हाईत मी, आणि माझ्यावर हे नाव. रात्रभर झोप न्हाई मला. कोण असंल गं?’

‘मी’ हा शब्द शैलजाच्या ओठापर्यंत आला. एवढासा शब्द. तो बाहेर पडला असता तर बाई ताटावरून उठून गेली असती, किंवा कदाचित उठली नसती. कुणी सांगावं?

‘सुलभा न्हाई,’ अक्का स्वतःशीच म्हणाली. ‘ती बोलती, पण करायची न्हाई. ती नवीन पोरगी असंल. पार्लरवाली. न्हाई का? आपल्याला ती ओळखत कुठं होती?’

शैलजानं तव्यावरची पोळी उलटली.

‘असेल,’ ती म्हणाली.

‘मला वाटलंच. बघ, एवढी गोड बोलायची.’ अक्कानं डोळ्याला पदर लावला आणि मग मोठा घास घेतला. ‘जाऊ दे. तू हायस तोवर मला कशाची काळजी न्हाई.’

शैलजानं तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि तूप आणते म्हणून पाठ फिरवून आत गेली.